साबणातलं कॉस्टिक लपवू नका

कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होत नाही. दूध शेळीचं असो, म्हशीचं असो की गाढविणीचं, तेल कितीही उंची असो, तेलाचा साबण व्हायचा तर त्यात खार पडावाच लागतो. घट्ट वडी हवी असेल तर तो खार म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. शाळेत विज्ञान शिकवताना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. निवृत्तीनंतर आता भूम तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांना शेळीच्या दुधाचा साबण शिकवते, तेव्हाही पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगते. म्हणून एखाद्या प्रदर्शनाच्या मांडवात 'केमिकल-फ्री शेळी दूध साबण' असं सुबक छापलेलं वेष्टन दिसलं की मला राग येतो. स्टॉलवर उभ्या असलेल्या बाईचा नाही. तिला ते वेष्टन छापून देणाऱ्यांचा आणि तिला शिकवताना कॉस्टिकचं नाव टाळणाऱ्यांचा.

घरगुती दुधाचा साबण ही शिकण्याजोगी, जपण्याजोगी कला आहे आणि तिच्यावर चार घरं चालू शकतात, असं मला मनापासून वाटतं. पण ती खोट्या दाव्यावर उभी करू नये. कॉस्टिक लपवलं की वडी बिघडते, माणसं भाजतात, आणि बाईच्या हातात जे खरं कसब आहे ते कुणाच्या नजरेसच पडत नाही.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक ही जोडणी तोडतं. मेदाम्लं सोडियमला धरतात आणि साबण होतात, ग्लिसरीन मोकळं होतं. तेल आणि चरबी आतून कशी घडलेली असते, हे फ्रान्सच्या मिशेल शेव्ह्रल यांनी 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखवलं. त्यात गूढ असं काही राहिलेलं नाही. माप बरोबर असेल, वडी नीट मुरली असेल, तर तिच्यात सुटं कॉस्टिक उरत नाही. म्हणजे 'हा साबण कॉस्टिक घालून केला आहे' आणि 'या साबणात कॉस्टिक उरलेलं नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच वडीबद्दल खरी असतात. गिऱ्हाइकाला हे समजत नाही असं मला सांगितलं जातं. मला तसा अनुभव आलेला नाही. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांनाही मी हे सांगितलं आहे, आणि त्यांनी मला उलट प्रश्न विचारले, तेही नेमके.

'आमच्या आजीच्या वेळी कुठं होतं कॉस्टिक?' हा त्यातला नेहमीचा. बरोबर आहे, नव्हतं. आजी शिकेकाई आणि रिठा वापरायची. त्यांचा फेस त्यांच्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, तो साबण नव्हे. बाळाला दूध, डाळीचं पीठ आणि हळद लावून न्हाऊ घालत, दिवाळीत उटणं लावत, तेही साबण नव्हे. ज्याला खरोखर खार नको आहे त्यानं उटणं लावावं. चांगलंच आहे ते. पण उटण्याचं पुण्य साबणाच्या वडीवर छापू नये.

आता धोक्याबद्दल. एका प्रशिक्षणात कॉस्टिकला नुसतं 'पांढरी पावडर' म्हणत होते, कारण नाव ऐकून बायका घाबरतील. त्या पावडरीची पुडी घेऊन बायका घरी गेल्या. त्यांतल्या एका घरी मी नंतर गेले, तेव्हा कॉस्टिकचे पापुद्रे एका काचेच्या बरणीत, साखरेच्या डब्याशेजारी, खालच्या फळीवर होते. घरात चालायला लागलेलं नातवंड होतं. मी ती बरणी उचलली तेव्हा माझे हात कापत होते. कॉस्टिक पोटात गेलं तर तोंड आणि अन्ननलिका आतून जळते. जखम भरताना नळी आक्रसते आणि मुलाला घास गिळता येईनासा होतो, त्यावर कितीतरी दिवस उपचार करावे लागतात. जी वस्तू 'केमिकल नाही' म्हणून घरात शिरली ती कुलपात का ठेवायची, हे त्या मावशींना कळणार तरी कसं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आमच्याकडे पहिला दिवस नुसता कॉस्टिकचा असतो. तेलाला हातही लावायचा नाही. डबा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा, वर मोठ्या अक्षरांत 'विष' आणि कवटीचं चित्र, आणि जागा कुलपातली. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत कॉस्टिकचं पाणी कधीही भरायचं नाही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा. चष्मा कारखान्यातला, बाजूनं बंद असलेला. हातमोजे रबरी, बाह्या लांब, पदर खोचलेला, पायात बंद चप्पल. पोरंबाळं आणि कुत्री-मांजरी बाहेर. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधी ओतायचं नाही, कारण विरघळताना ते इतकी उष्णता सोडतं की साधं पाणी 80 अंशांच्या वर जातं, आणि उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. कातडीवर थेंब पडला तर लगेच धावत्या पाण्याखाली धरायचा आणि बराच वेळ धरायचा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत धूतच दवाखाना गाठायचा.

आणि जर्मनचं पातेलं नको. ही एक गोष्ट मी शंभर वेळा सांगेन. गावाकडे घरोघरी मोठं भांडं म्हणजे जर्मनचंच असतं, तेच सगळ्यांत आधी हाताला लागतं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, भांडं फसफसतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेतो. भांडं स्टीलचं नाहीतर जाड प्लॅस्टिकचंच घ्यायचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात न्यायचं नाही.

हे सगळं ऐकून एखादी बाई उठून गेली असं माझ्या वर्गात घडलेलं नाही. चुलीशी, उकळत्या तेलाशी, फवारणीच्या औषधाशी रोज खेळणाऱ्या या बायका. त्यांना धोका सांगितला की त्या सावध होतात. घाबरतात ते शिकवणारे.

त्या भीतीपोटीच आणखी एक प्रकार चालतो. एका दिवसाच्या शिबिरात तयार साबणाचा ठोकळा आणतात, तो गॅसवर वितळवतात, त्यात रंग, सुगंध आणि चमचाभर दूध पावडर घालतात आणि फुलाच्या आकाराच्या साच्यात ओततात. तासाभरात वडी निघते, फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. ठोकळा वितळवणं वाईट नाही, मुलांच्या सुट्टीतल्या छंदवर्गात तर ते छानच. पण त्या बाईला साबण करता येतो, असं तिला सांगणं ही तिची फसवणूक आहे. ठोकळा संपला की तिचं काम संपतं. तिला ठोकळा विकणारा तेवढा कायमचा लागतो. कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता तेल आणि कॉस्टिकपासून साबण करणं, शिकलेल्या बाईला बाजारात मिळेल त्या तेलातून, स्वतःच्या हिशेबानं, स्वतःची वडी करता येते. हा फरक फार मोठा आहे.

आणि दुधाचा साबण हा कोल्ड प्रोसेसमधला अवघड प्रकार आहे. साध्या पाण्यात कॉस्टिक विरघळवलं तर ते तापतं आणि निवतं. दुधात घातलं तर तीच उष्णता दुधातली साखर जाळते. दूध आधी पिवळं, मग केशरी, मग तपकिरी होतं, आणि प्रथिनांवर कॉस्टिकचा घाव बसल्यानं अमोनियासारखा उग्र वास उठतो. आमच्या तालुक्यात हे समजावणं मला सोपं गेलं, कारण इथं कुंथलगिरीचा खवा आहे. खव्याची भट्टी पाहिलेल्या बायकांना दूध कुठल्या आचेला रंग धरतं हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पेढ्याला जो रंग हवा तो साबणाला नको, एवढं म्हटलं की त्यांच्या हातांना पुढचं आपोआप समजतं.

उपाय म्हणजे दूध गोठवायचं. बर्फाच्या साच्यात गोठवलेले दुधाचे खडे स्टीलच्या भांड्यात घ्यायचे, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि त्या खड्यांवर कॉस्टिक थोडं थोडं, हळूहळू पेरायचं. प्रत्येक वेळी ढवळायचं, विरघळू द्यायचं, मग पुढचं. घाई केली की रंग गेलाच. मिश्रण 30 अंशांच्या आसपास राहिलं तर दूध फिकट पिवळसर राहतं. दुधातल्या स्निग्धांशाचाही तिथल्या तिथं साबण होऊ लागतो, त्यामुळे ते थोडं दाट दिसतं, दूध फाटलं म्हणून टाकून द्यायचं नाही.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे दुपारी करणं म्हणजे दूध वाया घालवणं. आम्ही पहाटे करतो. वीज गेली आणि दूध गोठलंच नाही, असंही होतं. तेव्हा दुसरी रीत. कॉस्टिकच्या वजनाइतकंच थंड पाणी घ्यायचं, त्यात कॉस्टिक विरघळवून पूर्ण निवू द्यायचं, आणि उरलेलं माप दुधाचं, ते गार दूध तेलात मिसळायचं. दूध अर्धं पडतं, पण जळत नाही. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना मी हीच रीत शिकवते. यानं साबण कमी प्रतीचा होतो, असं मला कुठं दिसलं नाही.

पुढचं काम हाताचं. निवलेल्या तेलात हे मिश्रण ओतून आधी डावानं आणि मग स्टीलच्या दांड्याच्या हँड ब्लेंडरनं थांबत थांबत घुसळायचं. आमटीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा सैल झालं आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर तशीच राहिली की साच्यात ओतायचं. साचा म्हणजे बटर पेपर लावलेलं लाकडी खोकं, नाहीतर श्रीखंडाचे रिकामे डबे. पाण्याचा साबण गोधडीत गुंडाळून ठेवतात, दुधाचा ठेवायचा नाही. दुधातली साखर आतून उष्णता वाढवते, वडी मध्ये फुगते, चिरते, कधी साच्याबाहेर येते. थंड जागी ठेवायची, जमलं तर पहिली रात्र फ्रीजमध्ये. एक-दोन दिवसांनी कापायची, आणि मग चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर, एकमेकींना न टेकवता, मुरू द्यायची.

हे मुरणं बायकांना सगळ्यांत जड जातं. साबण दिसतो आहे, हाताला घट्ट लागतो आहे, मग थांबायचं कशाला? कॉस्टिकचं काम बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच उरकतं, पण पाणी निघायला वेळ लागतो. ओली वडी न्हाणीत आठ दिवसांत विरघळते, मुरलेली टिकते, फेस चांगला देते आणि अंगाला सौम्य लागते. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की वडीवर घामासारखे थेंब धरतात, कारण आतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. मोठ्या कारखान्यांत साबणातलं बरंचसं ग्लिसरीन वेगळं काढून घेतात, कारण त्याला स्वतंत्र किंमत आहे. घरच्या वडीत ते सगळं राहतं. किलोभर तेलामागे साधारण 110 ग्रॅम. त्वचा मऊ लागते याचं मोठं श्रेय या ग्लिसरिनाला आणि मुद्दाम शिल्लक ठेवलेल्या थोड्या तेलाला आहे. दुधाचा वाटा त्यामानानं लहान आहे, आणि तो किती लहान, हेही सांगायलाच हवं.

आमचं नेहमीचं माप असं. खोबरेल 400 ग्रॅम, पाम तेल 300, शेंगदाणा तेल 200, एरंडेल 100. एकूण किलोभर तेल. प्रत्येक तेलाला साबण व्हायला कॉस्टिक वेगळं लागतं. खोबरेलाला ग्रॅममागे 0.183 ग्रॅम, पामला 0.142, शेंगदाण्याला 0.137, एरंडेलाला 0.128. बेरीज होते 156 ग्रॅम. यातलं पाच टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि मापात बारीकसा फरक पडला तरी कॉस्टिक सुटं राहत नाही. उरलं 148 ग्रॅम. दूध त्याच्या दुप्पट, साधारण 300 ग्रॅम.

आता खोबरेल महागलं म्हणून कुणी त्या 400 ग्रॅमऐवजी शेंगदाणा तेल घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, तर काय होतं? या नव्या मिश्रणाला लागणारं कॉस्टिक आहे जेमतेम 138 ग्रॅम. आपण घातलं 148. म्हणजे दहा ग्रॅम कॉस्टिक वडीत सुटंच राहिलं, आणि ती वडी बाई आपल्या लेकराच्या अंगाला लावणार. तेल बदललं की कॉस्टिक बदलतं, हे न सांगता नुसती कृतीची चिठ्ठी हातात देणं मला अक्षम्य वाटतं. वाटीनं मापायची सवय साबणात चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मते साबणाच्या प्रशिक्षणात प्रत्येकीला द्यायची भेटवस्तू तीच असावी. पिशवी आणि टोपी नको.

हा गुणाकार-बेरजेचा तास माझा आवडता. सातवीत शाळा सुटलेल्या बायका दशांश अपूर्णांक मांडतात. सुरुवातीला पेन्सिल हातात धरवत नाही, आणि मग एक दिवस एखादी म्हणते, 'बाई, करडईचं तेल घरचं आहे, त्याचा आकडा सांगा, मी मांडते.' करडईचा आकडा शेंगदाण्याच्या जवळपासच आहे, पण ते तेल लवकर खवट होतं आणि वडीवर केशरी डाग पडतात, म्हणून थोडंच घालायचं, हेही मग ती वहीत लिहून घेते. या बाईच्या साबणावर 'केमिकल-फ्री' छापणं म्हणजे तिनं मांडलेलं हे गणित पुसून टाकणं आहे. तिनं घातक वस्तू हाताळली, मापली आणि तिचं रूपांतर निर्धोक वस्तूत केलं. हेच तर तिचं कर्तृत्व!

दुधाकडे येते. दुधात बहुतांश पाणीच असतं. 300 ग्रॅम शेळीच्या दुधात स्निग्धांश, साखर, प्रथिनं, क्षार मिळून घन भाग साधारण 38 ग्रॅम. तो जवळजवळ दीड किलो ओल्या साबणात वाटला जातो. म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीत दुधाचा घन भाग अडीच-तीन ग्रॅम. त्यातला स्निग्धांश थोडी मऊपणाची भर घालतो, साखरेनं फेस वाढतो आणि तो मलईदार लागतो. हा फरक हाताला कळतो, आणि तो मला आवडतो. पण जीवनसत्त्वांमुळे रंग उजळतो, सुरकुत्या जातात, इसब बरा होतो, हे दावे करायला काही आधार नाही. इतक्या तीव्र खारात दुधातल्या नाजूक गोष्टी टिकाव्यात कशा? 'पीएच 5.5' असं छापलेल्या घरगुती वड्याही मी पाहिल्या. खरा साबण अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या आसपास राहतो. ज्या आईच्या मुलाला इसब आहे तिनं त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, माझ्या फळीवरच्या वडीकडे नव्हे. आणि गोरं करण्याच्या दाव्याबद्दल तर मला बोलायचीही इच्छा होत नाही. सावळ्या मुलींना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

दुधाचा हाच हिशेब पैशाकडेही न्यायला हवा. आमच्या भागातली उस्मानाबादी शेळी काळीभोर, काटक, बहुतेकदा जुळी देणारी. ती पाळली जाते मुख्यतः करडांसाठी, मटणासाठी. दूध बेताचं, आणि डेअरीवर घालायचं ते गायी-म्हशीचं. शेळीचं घरात चहाला नाहीतर करडांना. म्हणून भाषणांत सांगतात की साबणामुळे शेळीच्या दुधाला सोन्याचा भाव येईल. मी वर दिलेल्या मापानं एक लिटर दुधात तीन घाणे निघतात, म्हणजे मुरलेल्या चाळीस-एक वड्या. दोन-तीन शेळ्यांचं दूध गटाला पुरून उरतं. दहा घरांनी साबणाच्या भरवशावर नव्या शेळ्या घेतल्या तर त्या दुधाचं काय करायचं? साबणाचा खरा खर्च तेलात आहे, आणि खरी किंमत मेहनतीत आणि विश्वासात. शेळ्या वाढवायच्या असतील तर करडांच्या हिशेबानं वाढवा. साबणाचं आमिष दाखवून शेळीचं कर्ज देऊ नका.

आता कायदा. घरी वापरायला साबण करायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचा तर लागते. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा 1940 चा. त्यातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून एके काळी साबण वगळलेला होता, 1982 च्या दुरुस्तीनं ती सूट गेली. आज 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. त्यांनुसार उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो, जागा आणि पात्र तांत्रिक माणूस दाखवावा लागतो, आणि वेष्टनावर घटक, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत छापावी लागते. ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा करायलाही याच नियमांत मनाई आहे. प्रदर्शनात साबण विकणाऱ्या कितीतरी बायकांनी हे कधी ऐकलेलंच नसतं. प्रशिक्षण देणारे ते सांगत नाहीत, कारण मग पुढचा प्रश्न येतो, 'परवाना कसा काढायचा?', आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

नियम मोडावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. अंगाला लागणाऱ्या वस्तूवर देखरेख हवीच. पण गावातल्या दोन खोल्यांच्या घरात वेगळी जागा, वेगळं पाणी, तांत्रिक माणूस हे एकेका गटाला झेपणारं नाही. याच नियमांत एक वाट आहे. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या जागेत, त्याची सामग्री वापरून, स्वतःच्या नावानं उत्पादन करायचा परवाना मिळतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, किंवा निदान दोन-तीन तालुक्यांत मिळून, एक परवानाप्राप्त साबणघर उभं करावं. रसायनशास्त्र शिकलेली एखादी मुलगी तिथं पगारावर ठेवावी. आमच्या कॉलेजांतून अशा मुली दरवर्षी बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून घरी बसतात. कॉस्टिकचा साठा तिथंच कुलपात राहील, कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार नाही. गटांनी ठरलेल्या दिवशी यावं, आपले घाणे घालावेत, फळीवर मुरवावेत, तपासून घ्यावेत आणि आपल्या नावानं विकावेत. दर वर्षी प्रशिक्षणांवर आणि प्रदर्शनांच्या मांडवांवर खर्च होतच असतो. त्यातला काही भाग या साबणघरांकडे वळवावा, अशी माझी जिल्हा परिषदेकडे आणि बचत गटांसाठीच्या 'उमेद' अभियानाकडे मागणी आहे.

आमचा गट अजून साबण विकत नाही. घरी वापरतो, लेकीबाळींना देतो. लोक मागतात, पैसे पुढे करतात, आणि बायका माझ्याकडे पाहतात. परवाना नाही तोवर विकायचा नाही, असं आम्ही बसून ठरवलं आहे, आणि तो त्यांचा निर्णय आहे, माझा एकटीचा नाही. पण वेष्टनाचा मजकूर त्यांनी लिहून ठेवला आहे. त्यात खोबरेल, पाम तेल, शेळीचं दूध, शेंगदाणा तेल, सोडियम हायड्रॉक्साइड, एरंडेल अशी वजनाच्या उतरत्या क्रमानं नावं आहेत, आणि खाली 'सहा आठवडे मुरवलेला' एवढंच. साबणघर कधी देता, ते आता सांगा.